ठोसा पायातून येतो, हे आपल्याला कधी कळलं?

बॉक्सिंग शिकवणाऱ्या कुठल्याही कोचकडे जा, पहिल्या काही दिवसांतच एक वाक्य कानावर पडतं : ठोसा हाताने मारायचा नसतो, पायाने मारायचा असतो. नव्या मुलाला हे कोडंच वाटतं. तो हात चालवायला आलेला असतो आणि त्याला उभं कसं राहायचं, पाऊल कसं सरकवायचं, टाच कधी उचलायची हे शिकवत बसतात. मराठी वर्तमानपत्रांत क्रीडापानावर पायांच्या या कामाला 'पदलालित्य' म्हणतात. शब्द छान आहे, पण थोडा फसवाही आहे. लालित्य म्हटलं की डौल आठवतो. बॉक्सरच्या पायांना डौल असेलही, पण त्यांचं खरं काम जमिनीकडून बल मिळवणं हे आहे.

या लेखात मी तंत्र शिकवणार नाही, ते माझं क्षेत्र नाही. माझं काम माणसाच्या तोलावर आहे : फोर्स प्लेटवर उभा असलेला माणूस तोल कसा सावरतो, एवढंच मी मोजतो. पण हे काम करताना एक प्रश्न सतत समोर येतो. एखादी गोष्ट खेळाडूंना शेकडो वर्षं 'माहीत' असते आणि शास्त्राला ती मोजायला फार उशीर लागतो. मग ती गोष्ट नेमकी कधी कळली असं म्हणायचं? पेट देऊन सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असलेल्यांसाठी ठोशाचा इतिहास हे याचं चांगलं उदाहरण आहे, म्हणून तो सविस्तर मांडतोय.

आधी थोडं भौतिकशास्त्र

चाकांच्या खुर्चीत बसा, पाय वर उचला आणि समोरच्या भिंतीला जोरात ढकला. भिंत तिथेच राहते, तुम्ही मागे जाता. आता पाय जमिनीवर घट्ट रोवून तेच करा. या वेळी तुम्ही मागे जात नाही, कारण तळव्याखालचं घर्षण तुम्हाला धरून ठेवतं. न्यूटनचा तिसरा नियम एवढाच आहे. मूठ पुढे न्यायची तर शरीराला मागे कशाला तरी रेटावं लागतं, आणि बॉक्सरकडे रेटायला जमिनीशिवाय दुसरं काही नसतं.

दुसरी गोष्ट पीळ. सरळ ठोसा मारताना मागचा पाय जमीन रेटतो, कंबर वळते, तिच्यामागून खांदा वळतो आणि शेवटी हात सुटतो. कंबर वळवायची तर दोन पायांमध्ये अंतर हवं. पाय जुळवून उभं राहून जोरात कंबर वळवून बघा, तोल लगेच जातो.

तिसरी गोष्ट तोल. दोन्ही पावलं आणि त्यांच्या मधली जागा मिळून जो पाया तयार होतो, त्याच्यावर गुरुत्वमध्य असेपर्यंत माणूस उभा राहतो. पाया रुंद केला की पडण्याची भीती कमी होते, पण हलायला वेळ लागतो. पाया अरुंद केला की हालचाल सुटसुटीत होते, पण एक धक्का पुरतो. बॉक्सरचा पवित्रा म्हणजे या दोन्हींमधली तडजोड. ही तडजोड कुठे करायची, हे फक्त शरीर ठरवत नाही. खेळाचे नियमही ठरवतात. इतिहास इथूनच सुरू होतो.

तलवारीच्या तालमीतून आलेला पवित्रा

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुष्टियुद्ध हा वेगळा खेळ नव्हता. जेम्स फिग याच्या लंडनमधल्या तालमीत तलवार, लाठी आणि मुष्टियुद्ध एकत्रच शिकवलं जाई. त्याच्याकडे शिकलेला कॅप्टन जॉन गॉडफ्री याने १७४७ मध्ये संरक्षणविद्येवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला बराचसा भाग तलवारीवर आहे, पण मुष्टियुद्धावरही एक प्रकरण आहे.

त्या प्रकरणात गॉडफ्री पायांबद्दल जे सांगतो ते आजही चकित करतं. डावा पाय पुढे, त्याचा गुडघा थोडा वाकलेला, शरीराचा झुकाव त्या मांडीवर, आणि मागचा पाय तिरका रोवलेला. मागच्या पायाची तुलना तो जुन्या भिंतीला टेकू देणाऱ्या तुळईशी करतो, आणि या समतोलातून जादा ताकद मिळते असंही सांगतो. स्नायू आणि तरफ यांची भाषाही त्याच्याकडे आहे. न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' १६८७ चं, म्हणजे यांत्रिकीची भाषा तोवर सुशिक्षित इंग्रजांच्या कानावरून गेली होती.

मग गॉडफ्रीला १७४७ मध्येच 'ठोसा पायातून येतो' हे कळलं होतं का? इथे घाई करू नका. जुन्या मजकुरात आजचा सिद्धांत शोधण्याचा मोह लिटरेचर रिव्ह्यू करणाऱ्या प्रत्येकाला होतो. गॉडफ्रीचा मागचा पाय टेकू आहे. तो आधार देतो, शरीर कोसळू देत नाही. आजचा कोच ज्या मागच्या पायाबद्दल बोलतो तो इंजिन आहे, तो जमीन रेटून शरीराला पुढे फेकतो. पायांची ठेवण मिळतीजुळती असली तरी कल्पना एक नाही. गॉडफ्रीला टेकू का हवा होता, हे समजायला त्या काळचे नियम बघावे लागतात.

नियम बदलले, पाय बदलले

जॅक ब्रॉटनने १७४३ मध्ये मुष्टियुद्धाचे नियम लिहून काढले. त्यांत प्रतिस्पर्ध्याला कमरेच्या वर धरायला आणि पाडायला मनाई नव्हती. माणूस पडला की फेरी संपायची, मग दोघांना मधल्या खडूच्या चौकोनापाशी पुन्हा समोरासमोर उभं करत. म्हणजे ठोशांइतकाच धोका धरून आपटलं जाण्याचा होता. अशा लढतीत जो सहज हलतो तो सहज पडतो. आपल्याकडचा कुस्तीगीर जसा पाय रोवून, खाली बसून पवित्रा घेतो, तसा रोवलेला पवित्रा तिथे उपयोगाचा होता. ठोशासाठी वजन पुढे फेकणं महागात पडू शकत होतं.

याला अपवाद होतेच. डॅनियल मेंडोझा हा जेमतेम ५ फूट ७ इंच उंचीचा आणि सुमारे ७३ किलो वजनाचा माणूस १७९० च्या दशकात इंग्लंडचा विजेता होता. बाजूला सरकणं, ठोसा चुकवणं आणि मग उत्तर देणं ही त्याची पद्धत. १७८९ मध्ये त्याने मुष्टियुद्धाच्या कलेवर पुस्तकही लिहिलं. काही प्रेक्षकांना त्याचं सरकणं पळपुटेपणाचं वाटे. पण मेंडोझाचे पाय मुख्यतः मार चुकवण्यासाठी होते. ठोशाची ताकद वाढवण्याचा मुद्दा त्यात फारसा नव्हता.

मोठा बदल झाला १८६७ मध्ये. जॉन ग्रॅहम चेंबर्स याने लिहिलेले आणि मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरीच्या नावाने ओळखले जाणारे नियम त्या वर्षी प्रसिद्ध झाले. हातमोजे आले, तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती आली, आणि धरून पाडणं बंद झालं. जुनी पद्धत एका दिवसात संपली नाही. जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन यांची उघड्या मुठींची शेवटची मोठी लढत जुलै १८८९ मध्ये मिसिसिपीत झाली आणि ७५ फेऱ्या चालली. पण ७ सप्टेंबर १८९२ ला न्यू ऑर्लीन्समध्ये हाच सलिव्हन हातमोजे घालून नव्या नियमांनी जिम कॉर्बेटसमोर उभा राहिला आणि २१ व्या फेरीत हरला. हलक्या पावलांनी अंतर राखत खेळणाऱ्या कॉर्बेटपुढे पाय रोवून जोरदार फटके मारणारा सलिव्हन दमला.

पाडलं जाण्याची भीती गेल्यावर पाय मोकळे झाले, असा माझा यातून निष्कर्ष आहे. आता बॉक्सर वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेऊ शकत होता, क्षणभर असंतुलित होऊ शकत होता. आणि क्षणभर असंतुलित झाल्याशिवाय शरीराचा वेग ठोशात उतरत नाही.

याचा पुरावा पाच वर्षांत मिळाला. १७ मार्च १८९७ ला नेवाडातल्या कार्सन सिटीत बॉब फिट्झसिमन्सने १४ व्या फेरीत कॉर्बेटला पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या खाली एक ठोसा मारून हरवलं. फिट्झसिमन्सचं वजन सुमारे ७६ किलो, कॉर्बेटचं सुमारे ८३. फिट्झसिमन्स व्यवसायाने लोहार होता, त्यामुळे त्याच्या खांद्यांबद्दल सगळे बोलत. पण तो प्रसिद्ध होता पाय बदलण्यासाठी : मागचा पाय पुढे टाकत तो बाजू बदलायचा आणि त्या पावलाचा सगळा वेग ठोशात घालायचा.

इतिहासाच्या दृष्टीने या लढतीचं आणखी एक महत्त्व आहे. तिचं चित्रीकरण झालं होतं आणि पूर्ण फिल्म शंभर मिनिटांहून मोठी होती. आज तिचे काही भागच उरलेत. पण गॉडफ्री किंवा मेंडोझासाठी आपल्याला लिहिलेल्या शब्दांवर विसंबावं लागतं, तर इथून पुढे पाय खरोखर कुठे होते ते बघता येतं. पुराव्याचा प्रकार बदलला की विचारता येणारे प्रश्नही बदलतात. तुमच्या विषयात असा क्षण कधी आला, हे शोधून ठेवा.

डेम्प्सीचं पडणारं पाऊल

पायांच्या कामाचा सगळ्यात स्पष्ट सिद्धांत एका विजेत्यानेच मांडला. जॅक डेम्प्सीने ४ जुलै १९१९ ला ओहायोतल्या टोलीडो इथे जेस विलार्डला हरवलं. विलार्ड साडेसहा फुटांचा, सुमारे १११ किलोचा. डेम्प्सी सुमारे ८५ किलोचा. पहिल्याच फेरीत विलार्ड सात वेळा खाली पडला.

डेम्प्सीने १९५० मध्ये ठोशाच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं : शरीराचं वजन ही साठवलेली ताकद आहे, ती गतीत आणायची आणि मुठीपर्यंत पोचवायची. गतीत आणायचे मार्ग चार : पुढे पडणं, पुढे झेपावणं, खांदे फिरवणं आणि वर उसळणं. त्यातलं 'पडणं' सर्वांत गमतीचं. पुढचा पाय किंचित उचलायचा, शरीर आपोआप पुढे पडू लागतं, आणि त्याच वेळी ठोसा सोडायचा. उचललेलं पाऊल जमिनीवर पूर्ण टेकायच्या आत मूठ लागली पाहिजे. आधी पाऊल टेकलं तर शरीराचा पुढे जाणारा वेग जमिनीत जातो, ठोशासाठी उरत नाही.

गॉडफ्रीचा टेकू आठवा. दोनशे वर्षांत विचार उलटा झाला. पडू नये म्हणून पाय रोवणारा बॉक्सर आता मुद्दाम पडतो आणि ते पडणं वेळेवर सावरतो. दोन्ही वर्णनं आपापल्या नियमांत बरोबर आहेत.

अखेर आकडे

पायांखालचा दाब मोजायची कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये एत्येन-झ्यूल मारे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७० च्या दशकातच बुटात हवेचे कप्पे बसवून चालणाऱ्याचा दाब कागदावर उमटवला होता. पण ठोशात पायांचा वाटा किती, याचे सर्वाधिक उद्धृत होणारे आकडे १९८५ मधले आहेत. फिलिमोनोव आणि सहकाऱ्यांनी सोव्हिएत संघातल्या १२० बॉक्सरांच्या सरळ ठोशाचं विश्लेषण केलं. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांत पायांच्या रेट्याचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाच्या वळण्याचा ३७ टक्के आणि हाताचा २४ टक्के निघाला. खालच्या दर्जाच्या बॉक्सरांत पायांचा वाटा फक्त १७ टक्क्यांच्या आसपास आणि हाताचा ३८.

कोचचं वाक्य मोजून सिद्ध झालं, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण दोन गोष्टी बघा. एक, शरीराचे भाग साखळीसारखे एकामागून एक काम करतात. कंबर वळते ती पायाने रेटल्यामुळे. मग त्या वळण्याचं श्रेय कंबरेला की पायाला? हॉटेलचं बिल वाटून घ्यावं तसे हे वाटे पाडता येत नाहीत. वाटा कसा ठरवला, यावर आकडा अवलंबून राहतो. दोन, चांगल्या बॉक्सरांचे पाय जास्त काम करतात यावरून 'पाय वापरायला शिकवलं की बॉक्सर चांगला होतो' हे लगेच ठरत नाही. ज्यांना उपजत जमतं तेच वर पोचले असतील, हीदेखील शक्यता आहे. सहसंबंध आणि कारण यांतला हा फरक पेटच्या पेपरात सगळे बरोबर लिहितात आणि प्रबंधात विसरतात.

हे आकडे एका तक्त्यात घालू नका

त्याच १९८५ मध्ये अॅथा आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रुनोचा ठोसा मोजून मांडला. मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर, कमाल बल ४०९६ न्यूटन. २००० साली स्मिथ आणि सहकाऱ्यांनी नवं उपकरण बनवून अव्वल बॉक्सरांच्या मागच्या हाताच्या ठोशाची सरासरी ४८०० न्यूटन दिली. २००५ मध्ये वालिल्को, व्हियानो आणि बीर यांनी ऑलिम्पिक दर्जाच्या बॉक्सरांची सरासरी ३४२७ न्यूटन दिली.

तक्ता केला तर जागतिक क्रमवारीतला हेवीवेट ब्रुनो स्मिथच्या बॉक्सरांपेक्षा कमजोर ठरतो. तसा तो नव्हता. पहिल्या प्रयोगात लक्ष्य टांगलेला, मागे सरकणारा लंबक होता. दुसऱ्यात बल मोजणाऱ्या यंत्रणेला जोडलेला पुतळा होता. तिसऱ्यात अपघात चाचण्यांसाठी वापरतात तसा, मान हलणारा पुतळा होता. सरकणाऱ्या वस्तूवर आणि घट्ट बसवलेल्या वस्तूवर तोच ठोसा वेगळं बल दाखवतो. आकडा हा बॉक्सर आणि लक्ष्य या दोघांचा मिळून असतो.

उलट, एकाच उपकरणावरचे आकडे आपसांत ताडून बघता येतात. स्मिथच्या प्रयोगात अव्वल बॉक्सरांचा पुढचा हात २८४७ न्यूटन आणि मागचा ४८०० देतो, म्हणजे जवळजवळ १.७ पट. नवख्यांत हेच १६०४ आणि २३८१, म्हणजे दीडपटीच्या आसपास. मागच्या हाताला पायाचा रेटा आणि कमरेचं वळण जास्त मिळतं. तो फायदा अनुभवी बॉक्सर जास्त घेतो, असा अर्थ लावता येतो. फिलिमोनोवच्या निष्कर्षाला हा वेगळ्या वाटेने आलेला आधार आहे, आणि म्हणून मला तो जास्त मोलाचा वाटतो.

'सगळं वजन ठोशात' : किती खरं?

वालिल्कोच्या निबंधात आणखी एक आकडा आहे. ठोशामागचं प्रभावी वस्तुमान सरासरी २.९ किलो. म्हणजे मुठीच्या वेगाने एवढं वस्तुमान येऊन आदळलं तर जेवढा धक्का बसेल तेवढा. ८० किलोच्या माणसाचा एक अख्खा हात भरतो साधारण ४ किलो. मग डेम्प्सीचं शरीराचं वजन गेलं कुठे?

उत्तर वेळेत आहे. ब्रुनोच्या ठोशात मूठ लागल्यापासून १४ मिलिसेकंदांत बल कमाल पातळीला पोचलं. एवढ्या थोड्या वेळात पायाने नव्याने काही करणं शक्य नाही. पायांना जे करायचं ते मूठ लागायच्या आधी करायचं असतं : मुठीला वेग द्यायचा आणि आदळताना हात मागे ढकलला जाणार नाही अशी शरीराची मांडणी करायची. म्हणजे डेम्प्सीने सांगितलेली कृती बरोबर, पण 'शरीराचं सगळं वजन मुठीत जातं' हे स्पष्टीकरण शब्दशः खरं नाही. अनुभवी लोकांशी बोलताना, मग ते कोच असोत, शेतकरी असोत की सुतार, ते काय करतात आणि त्याचं कारण काय सांगतात हे वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. पहिला रकाना बहुधा खरा निघतो. दुसरा तपासावा लागतो.

हा आकडा कोणाला हवा होता?

१९८५ मधले दोन निबंध पुन्हा शेजारी ठेवा. फिलिमोनोवचा प्रश्न होता, ठोसा अधिक जोरदार कसा करायचा. अॅथाचा प्रश्न होता, ठोशाने मेंदूचं काय होतं. त्याला मागचा इतिहास होता. हॅरिसन मार्टलंडने १९२८ मध्येच मार खाल्लेल्या बॉक्सरांच्या मेंदूविकाराचं वर्णन केलं होतं. १९७३ मध्ये कोर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी १५ निवृत्त बॉक्सरांचे मेंदू तपासून त्यातली हानी दाखवली. १९८२ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने बॉक्सिंगवर बंदीची मागणी केली. या वादात डॉक्टरांना एक ठोस संख्या हवी होती. म्हणूनच अॅथाने बल न्यूटनमध्ये देऊन थांबण्याऐवजी तो ठोसा ताशी २० मैलांनी आदळणाऱ्या ६ किलोच्या, गादी लावलेल्या लाकडी हातोड्याएवढा आहे असंही सांगितलं. ती तुलना खेळाडूंसाठी नव्हती.

जमिनीपासून निघालेलं बल पाय, कंबर, खांदा करत मुठीत येतं, आणि मूठ बहुधा दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर थांबते. पायांचं शास्त्र जितकं चांगलं समजेल तितका ठोसा जोरदार होईल आणि तितकीच हानीही वाढेल. तेच ज्ञान कोचच्या वहीत आणि मेंदूच्या डॉक्टरच्या फाइलमध्ये एकाच वेळी जातं. हे टाळता येत नाही, पण निबंध वाचताना विसरून चालत नाही.

म्हणून सिनॉप्सिससाठी वाचन करताना प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी टिपून ठेवा : तो कशावर मोजला, कोणाशी तुलना करण्यासाठी मोजला, आणि कोणाला हवा होता. गाईड पहिली गोष्ट विचारतील, रेफरी दुसरी. तिसरी कदाचित कोणीच विचारणार नाही, ती आपणच विचारायची.